ओव्हरनाइट पार्सल परत परत तिसऱ्या दिवशी पोचतंय? ते नेमकं कुठे अडकतंय ते असं शोधा

ज्यांना पोस्टाने नेहमी ओव्हरनाइट पार्सलं पाठवायला लागतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. एखाद्या वेळेस उशीर झाला तर ठीक आहे, तो कुणालाही होतो, पण तुमचं दर तिसरं-चौथं पार्सल दुसऱ्या दिवशी न पोचता तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी पोचत असेल आणि विचारायला गेलं की "पुढच्या वेळी जाईल वेळेत" एवढंच ऐकायला मिळत असेल, तर त्याच्यामागे बहुतेक वेळा एक ठरावीक कारण असतं आणि ते घरबसल्या शोधता येतं.

मी श्रवणयंत्रं दुरुस्त करते. यंत्र माझ्याकडे येतं, मी ते दुरुस्त करून परत पाठवते, आणि तेवढे दिवस ज्याचं ते यंत्र आहे तो माणूस काही ऐकू न येता घरात बसलेला असतो. त्यामुळे माझ्यासाठी एक दिवस उशीर म्हणजे नुसता एक दिवस नसतो. एका आजींचं यंत्र मी मंगळवारी पाठवलं, बुधवारी पोचायला हवं होतं, ते शुक्रवारी संध्याकाळी पोचलं. मधले दोन दिवस त्यांच्या सुनेचा फोन, "ताई, आज पण नाही आलं हो, सासूबाई दिवसभर नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत बसतायत." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही आणि त्या आठवड्यात मी ठरवलं की आता याचा छडा लावायचाच.

मग एक वही केली. पुढच्या वीस पार्सलांची प्रत्येकाची एक ओळ, आणि त्या ओळीत सहा टप्प्यांच्या वेळा लिहायच्या. पावतीवर छापलेली बुकिंगची वेळ, बुकिंग ऑफिसातून टपालाची बॅग निघाल्याची वेळ, मोठ्या सॉर्टिंग ऑफिसला (जिथे पार्सलं गावांप्रमाणे वेगळी करतात) पोचल्याची, तिथून निघाल्याची, डिलिव्हरी ऑफिसला पोचल्याची, आणि पोस्टमन घेऊन निघाल्याची किंवा हातात दिल्याची. हे सगळं ट्रॅकिंगमध्ये दिसतं, फक्त आपण काय करतो तर शेवटची ओळ बघतो, "अजून वाटेतच आहे" म्हणतो आणि बंद करतो. ट्रॅकिंग वाचायचं म्हणजे दोन ओळींच्या मधलं अंतर वाचायचं. बुकिंग आणि बॅग निघणं यात मोठं अंतर असेल तर अडचण तुमच्या बाजूला आहे, डिलिव्हरी ऑफिसला पोचलं आणि पोस्टमनकडे जायला दिवस लागला तर अडचण तिकडची आहे, मधेच वाटेवर नसलेल्या भलत्याच शहराचं नाव दिसलं तर पार्सल चुकीच्या बॅगेत पडलंय, आणि मधले स्कॅन गायबच असतील तर बारकोड मशीनला वाचता येत नाहीये.

वीसपैकी आठ उशिरा पोचली. त्या आठांतली चार तर बुकिंग केलेल्या ऑफिसातून त्या दिवशी निघालीच नव्हती! दोन लेबलच्या भानगडीमुळे रखडली किंवा भलतीकडे फिरून आली, एक विमानाच्या तपासणीत बाजूला काढलं गेलं, आणि एक वेळेत पोचलं होतं पण घरी कुणी नव्हतं. मी इतके दिवस समजत होते की रात्रीच्या प्रवासात, गाडी बंद पडून वगैरे उशीर होत असणार. रात्रीच्या प्रवासामुळे उशीर झालेलं एकही नव्हतं.

आधी ती चार घेऊ, कारण मला वाटतं बऱ्याच जणांचं हेच होत असणार.

माझ्या पावतीवर वेळ होती संध्याकाळचे ५ वाजून १२ मिनिटं. आणि ट्रॅकिंगमध्ये बॅग निघाली दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी. म्हणजे तेवीस-साडेतेवीस तास पार्सल त्याच खोलीत पडून होतं. मी काउंटरवरच्या बाईंना दोन्ही वेळा दाखवल्या तर त्या म्हणाल्या, "मॅडम, बुकिंग आम्ही सहापर्यंत घेतो, पण आजची बॅग साडेचारला बंद होते, त्यानंतरचं सगळं उद्याच्या बॅगेत जातं." त्यांनी ते लपवलेलं नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारायचे "किती वाजेपर्यंत घेता?" आणि त्याचं खरं उत्तर सहा हेच होतं. विचारायचं असं असतं की "आजच्या बॅगेत जायला किती वाजेपर्यंत आणून देऊ?" हा एक प्रश्न बदलला आणि माझा निम्मा त्रास गेला.

यात अजून दोन-तीन बारकावे आहेत. बॅग साडेचारला बंद होते म्हणजे चार वीसला जाऊन चालत नाही, कारण वजन करायचं, लेबल लावायचं, स्कॅन करायचं, बॅगेची यादी करायची, आणि त्या वेळेला आपल्यासारखे बाकीचे पण रांगेत असतात, म्हणून मी निदान पाऊण तास आधी जाते. शनिवारची वेळ वेगळी असू शकते, सणाच्या आदल्या दिवशीची वेगळी असू शकते, ती वेगळी विचारून ठेवा. रस्त्यावरच्या पेटीत टाकणार असाल तर पेटीवर लिहिलेली शेवटची वेळ निघून गेल्यावर टाकलेलं पार्सल दुसऱ्या दिवशीचंच धरलं जातं. आणि कधी अगदीच उशीर झाला तर जवळच्या छोट्या ऑफिसात देऊ नका, जिथे सॉर्टिंग होतं त्या मोठ्या ऑफिसात स्वतः नेऊन द्या. छोट्या ऑफिसातली बॅग शेवटी तिथेच जाते, तुम्ही तो एक टप्पा गाळता, आणि त्यामुळे तिथली शेवटची वेळ बहुतेक वेळा उशिराची असते. माझं दुरुस्तीचं काम दुपारी चारपर्यंत चालतं, त्यामुळे मी आता उलटं केलंय, सकाळी पॅकिंग करून दुपारी एकला पार्सलं देऊन येते आणि दुपारनंतर जे तयार होईल ते सरळ दुसऱ्या दिवशीचं म्हणून गिऱ्हाइकाला सांगते. लोकांना खरी तारीख सांगितली तर ते थांबतात, खोटी आशा लावली की त्रास होतो.

आता रात्रीचं गणित एकदा मांडून बघा, म्हणजे दुपारची बॅग का महत्त्वाची ते कळेल. बॅग पाचच्या सुमाराला निघाली, सात-आठपर्यंत मोठ्या ऑफिसात सॉर्ट झाली, रात्री नऊला गाडी सुटली, आणि डिलिव्हरी ऑफिसला सकाळी सहाच्या आसपास पोचायला हवी, कारण तिथे परत बीटप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पोस्टमनच्या ठरलेल्या भागाप्रमाणे, लावायचं असतं आणि मग पोस्टमन निघतात. म्हणजे गाडीला मिळाले नऊ तास. सरासरी तासाला ५० किलोमीटर धरले तर झाले ४५० किलोमीटर. त्याच्या पुढचं अंतर असेल तर रस्त्याने एका रात्रीत होणं अवघड आहे, ते विमानानेच जायला हवं, आणि विमान म्हणजे त्याची ठरलेली वेळ, वजनाची मर्यादा आणि सुरक्षा तपासणी. आणि पोस्टमन बीटवर निघून गेल्यावर अर्ध्या तासाने जरी बॅग पोचली तरी तुमचं पार्सल बहुतेक दुसऱ्या दिवशीच बाहेर पडतं. या साखळीत कुठेही ताणायला जागा नाहीये.

म्हणून पैसे भरायच्या आधी ज्या पत्त्यावर पाठवायचंय त्या पिनकोडला ओव्हरनाइट खरंच लागू आहे का ते बघून घ्या. सेवेच्या नावात काहीही असू दे, वचन असतं ते इकडचा पिनकोड, तिकडचा पिनकोड आणि पार्सल दिल्याची वेळ या तिन्हीवर अवलंबून. अमेरिकेच्या पोस्टाची एक्सप्रेस मेल १९७७ मध्ये कायमची सेवा झाली, आता तिचं नाव प्रायॉरिटी मेल एक्सप्रेस आहे, आणि तिथेसुद्धा तारीख अशीच ठरते, कुठून कुठे आणि किती वाजता दिलं त्यावरून. बहुतेक पोस्टाच्या साइटवर दोन्ही पिनकोड टाकले की अपेक्षित तारीख दिसते. ती तारीख परवाची दाखवत असेल तर मग ओव्हरनाइटचे जादा पैसे कशासाठी भरायचे, साधी सेवा पण परवाच पोचवेल कदाचित. आणि "दुसरा दिवस" म्हणजे कामाचा दुसरा दिवस. शुक्रवारी संध्याकाळी दिलेलं पार्सल सोमवारी पोचलं तरी कागदोपत्री ते वेळेतच असू शकतं. सुट्टी तुमच्याकडे नसेल पण तिकडे असेल, हे पण बघायचं, माझं एक पार्सल याच्यामुळे अडकलं होतं, वही सुरू करायच्या आधीची गोष्ट आहे ती.

आता लेबलवाली दोन. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला वाटतं हे कुणी सांगत नाही.

श्रवणयंत्राची डबी केवढीशी, सात बाय पाच सेंटीमीटर, उंची तीन. मी काय करायचे, त्याच्यापेक्षा जरा मोठ्या खोक्यात घालायचे म्हणजे हलणार नाही, आणि वर लेबल चिकटवायचे. लेबल १० बाय १५ सेंटीमीटरचं. म्हणजे ते खोक्याच्या एका बाजूवर मावायचंच नाही, कडेवरून वळून दुसऱ्या बाजूला जायचं, आणि बारकोडच्या मधोमध घडी. आपल्या डोळ्याला ते नीट दिसतं, काउंटरवरचा माणूस हातातला स्कॅनर तिरका धरून वाचून पण घेतो, पण सॉर्टिंगच्या सरकत्या पट्ट्यावर मशीन वरून एकदाच बघतं, त्याला अर्धाच बारकोड दिसतो. मग ते पार्सल बाजूला पडतं, कुणीतरी हाताने बघेपर्यंत पडून राहतं, आणि त्या दोन तासांत गाडी निघून जाते. शिवाय इतका छोटा खोका मोठ्या पार्सलांच्या खाली जातो, बॅगेच्या तळाशी कोपऱ्यात राहतो. आंतरराष्ट्रीय टपालात पत्रासाठी पत्त्याची बाजू निदान ९० बाय १४० मिलिमीटर हवी असा नियम आहे, त्यावरून अंदाज घ्या की माझा खोका किती लहान होता.

मी आधी मोठा खोका घेतला, २२ बाय १६ बाय ८ सेंटीमीटरचा. लेबल छान सपाट बसलं. पण कित्येक ठिकाणी खोका किती जागा घेतो त्यावरून पण वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, म्हणजे २८१६ भागिले ५००० झालं ०.५६ किलो, आणि खरं वजन होतं १८० ग्रॅम. मग पुठ्ठ्याचा चपटा खोका शोधला, २५ बाय १८ बाय ३, त्याचं येतं ०.२७ किलो, आणि लेबल एका बाजूवर पूर्ण बसून चहूबाजूंनी जागा उरते. डबी मधोमध, दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे. तेव्हापासून मधले स्कॅन गायब व्हायचे थांबलेत.

बारकोडच्या डाव्या-उजव्या बाजूला जी पांढरी जागा असते ती रिकामी वाटते पण ती पण कामाची असते, स्कॅनरला सुरुवात आणि शेवट तिच्यावरून कळतो. नेहमीच्या पट्ट्यांच्या बारकोडला ती जागा सगळ्यात बारीक पट्टीच्या दहापट तरी लागते. म्हणून तिथे पेनाने "अर्जंट" लिहू नका, शिक्का मारू नका, लेबल कापताना अगदी पट्टीला लागून कात्री चालवू नका. मी हे तिन्ही केलेलं आहे.

टेपचं पण सांगते. पारदर्शक टेप बारकोडवरून ओढून घ्यायची सवय बऱ्याच जणांना असते, पावसात भिजू नये म्हणून. टेपला चमक असते, उजेड परावर्तित होतो आणि स्कॅनर गोंधळतो, सुरकुती पडली तर अजूनच. आणि लेबल थर्मल (शाईऐवजी उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरचं असेल तर टेपच्या गोंदामुळे छपाई हळूहळू फिकट व्हायला लागते, तसंच उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर कागद काळपट पडतो. लेबलच्या कडांवर टेप लावा, बारकोड उघडा ठेवा. इंकजेट प्रिंटरवर काढलं असेल तर ते पाण्याने पसरतं, मग लेबलासाठी मिळणारी पारदर्शक पिशवी वापरा, तीसुद्धा ताणून, सुरकुती न पाडता. आणि खोक्याला सुतळी बांधू नका हो, ती सरकत्या पट्ट्यांच्या रोलरमध्ये अडकते. मधल्या फटीवरून एक टेप आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, एवढं पुरतं.

दुसरं पार्सल तर माझ्या काटकसरीमुळे गेलं. जुना खोका वापरला होता, चांगला मजबूत होता म्हणून, आणि त्याच्या खालच्या बाजूला आधीच्या पाठवणाऱ्याचा बारकोड तसाच होता. पट्ट्यावर खोका उलटा पडला, मशीनने जुना बारकोड वाचला, असंच झालं असणार, कारण ट्रॅकिंगमध्ये ते दोन दिवस उलट्या दिशेच्या शहरात दिसत होतं. जुना खोका जरूर वापरा पण त्याच्यावरचे सगळे बारकोड, सगळे पत्ते, बारीक स्टिकरसुद्धा काढून टाका नाहीतर जाड काळ्या मार्करने पूर्ण झाका. सहाही बाजू फिरवून बघा.

पत्त्याबद्दल थोडंच सांगते. पत्ता वाचणारी मशीनं खालच्या ओळीपासून वर वाचत जातात, म्हणजे आधी शहर आणि पिनकोड, मग रस्ता, मग नाव. म्हणून पिनकोडच्या खाली "नाजूक आहे, सांभाळून" असलं काही लिहू नका, ते वर कोपऱ्यात लिहा. पिनकोडमधला कुठला आकडा चुकला त्यावर पार्सल किती भटकेल ते ठरतं. अमेरिकेतला १९६३ पासूनचा पाच आकडी झिपकोड घ्या किंवा भारतातला १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा सहा आकडी पिनकोड घ्या, दोन्हीत पहिला आकडा मोठा विभाग सांगतो आणि शेवटचे आकडे नेमकं ऑफिस. शेवटचा चुकला तर शेजारच्या ऑफिसात जाऊन एखादा दिवस जातो, पहिला चुकला तर पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. हाताने इंग्रजी आकडे लिहिताना 1 आणि 7 नीट वेगळे दिसू द्या. आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर लेबलवर हवाच, नुसता तुमच्या वहीत असून उपयोग नाही.

आता ते विमानवालं. हे पार्सल बुक झालं, बॅग वेळेत निघाली, मोठ्या ऑफिसला पोचलं, आणि मग तिथे चोवीस तास काहीच नाही, आणि पुढचा स्कॅन रस्त्याच्या मार्गावरच्या ऑफिसचा. म्हणजे विमानाने जायचं ते गाडीने गेलं. कारण काय तर मी यंत्राबरोबर बॅटऱ्यांची सुटी पाकिटं टाकली होती आणि आत काय आहे त्या जागी लिहिलं होतं "स्पेअर पार्ट". एक्स-रेमध्ये बॅटऱ्या दिसतात, वर लिहिलेलं मोघम, मग तपासणारा माणूस ते बाजूला काढणारच, त्याच्या जागी मी असते तरी काढलं असतं.

लिथियम बॅटरीचे विमानासाठीचे नियम कडक आहेत आणि ते माहीत असले तर पुष्कळ त्रास वाचतो. लिथियम-आयनला एका सेलला २० वॉट-तास आणि पूर्ण बॅटरीला १०० वॉट-तास ही मर्यादा. वॉट-तास म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप, ते काढायचं तर व्होल्ट गुणिले एमएएच (बॅटरीवर लिहिलेली क्षमता) भागिले १०००. चार्जिंगच्या श्रवणयंत्रातली बॅटरी ३.७ व्होल्ट आणि २५ एमएएच धरली तर होतात ०.०९ वॉट-तास, म्हणजे मर्यादेच्या कुठे जवळपास पण नाही. १०००० एमएएचची पॉवर बँक होते ३७ वॉट-तासांची. पण नुसता आकडा बघून चालत नाही. आंतरराष्ट्रीय टपालात विमानाने लिथियम बॅटरी जाते ती उपकरणात बसवलेली असेल तरच, आणि तीसुद्धा त्या देशाच्या पोस्टाला त्याची परवानगी असेल तर. सुटी बॅटरी चालत नाही, आणि पॉवर बँक ही सुटी बॅटरीच धरली जाते. देशांतर्गत पाठवताना प्रत्येक पोस्टाचे नियम थोडे वेगळे असतात, ते बुकिंगच्या आधी काउंटरवर विचारा. सेंट, नेलपॉलिश, स्प्रेचे डबे, काही प्रकारचे गोंद यांचं पण असंच आहे, हे ज्वलनशील असतात आणि विमानातून बाहेर काढले जातात.

मी आता काय करते, चार्जिंगचं यंत्र असेल तर ते पूर्ण बंद करून त्याच्या डबीत, सुटं काही नाही. बटणासारख्या बॅटऱ्यांचं यंत्र असेल तर बॅटरी काढून बॅटरीचं दार उघडं ठेवते. त्या झिंक-एअर बॅटऱ्या लिथियमच्या नसतात, पण दोन बॅटऱ्या एकमेकींना किंवा धातूला टेकून शॉर्ट होता कामा नयेत म्हणून त्यांच्या मूळ पाकिटात, वरचा स्टिकर न काढता ठेवायच्या. खरं तर शक्य असेल तर मी बॅटऱ्या पाठवतच नाही, त्या कुठेही मिळतात. यंत्र चालू राहिलं ना तर बंद डबीत ते शिट्टी मारतं, माइक आणि स्पीकर इतके जवळ असतात म्हणून. पार्सलातून बारीक शिट्टीचा आवाज येतोय म्हटल्यावर ते कुणी पुढे पाठवणार नाही, हे लक्षात ठेवा, आणि हे श्रवणयंत्रापुरतंच नाही, आवाज करणारं, थरथरणारं, दिवा लागणारं काहीही असेल तर ते बंद करूनच पॅक करा. वर्णनात आता स्पष्ट लिहिते, "दुरुस्त केलेलं श्रवणयंत्र १ नग, बॅटरी नाही" किंवा "बॅटरी आत बसवलेली". तेव्हापासून एकही बाजूला काढलेलं नाही.

राहिलं ते घरी कुणी नसल्याचं. याच्यात आपण पाठवणारे काही करू शकत नाही असं वाटतं पण करता येतं. बुक केल्या केल्या मी घेणाऱ्याला ट्रॅकिंग नंबर आणि उद्याची तारीख मेसेज करते, आणि विचारते की दिवसभर घरी कोण आहे, सही किंवा ओटीपी लागला तर कोण देईल. माझ्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण ज्यांना यंत्र पाठवतेय त्यांना दाराची बेलच ऐकू येत नाही! पोस्टमन बेल वाजवून परत गेले आणि आजोबा आतल्या खोलीत बसलेले, असं झालेलं आहे. म्हणून आता लेबलवर नंबर शेजाऱ्यांचा किंवा मुलाचा, आणि पत्त्यात एक ओळ, "बेल ऐकू येत नाही, फोन करावा". आणि एक गोष्ट मला उशिरा कळली की पार्सल घरी न मागवता डिलिव्हरी ऑफिसातच ठेवून घेता येतं, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवून स्वतः जाऊन घ्यायचं. ज्यांना जाणं जमतं त्यांच्यासाठी हे खूप बरं पडतं, कारण बॅग तिथे सकाळीच आलेली असते आणि बीटवर फिरण्याचा वेळ वाचतो. बुकिंगच्या वेळेलाच तसं सांगायला लागतं.

ट्रॅकिंग नंबर टाकला की "माहिती उपलब्ध नाही" येतं ही तक्रार पण बऱ्याच जणांची असते. बुक केल्यावर पहिले काही तास तसं येऊ शकतं, घाबरू नका. पण दुसऱ्या दिवशी पण तेच असेल तर आधी नंबर बरोबर उतरवलाय का ते तपासा, आणि ते तपासायची सोय नंबरातच असते. पुष्कळ देशांच्या पोस्टाचा नंबर जागतिक टपाल संघाच्या एका ठरलेल्या नमुन्यात असतो.  सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. त्या नऊपैकी शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो. आधीच्या आठ आकड्यांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, तिला ११ ने भागून जी बाकी येते ती ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचं आणि ११ आलं तर ५.

समजा आकडे आहेत ३०५१८२६४. गुणाकार होतात २४, ०, २०, २, २४, १०, ५४, २८, बेरीज १६२. अकराने भागल्यावर बाकी ८, अकरातून आठ गेले ३, म्हणजे नववा आकडा ३ हवा. आता लिहिताना १ आणि ८ ची अदलाबदल झाली, ३०५८१२६४ लिहिलं गेलं, तर बेरीज येते १५५, बाकी १, अकरातून एक गेला १०, म्हणजे शून्य हवं, आणि तुमच्या कागदावर आहे ३. जुळत नाही म्हणजे उतरवताना चूक झालीये. दोन मिनिटांचं काम आहे. एका काकांनी मला तीन वेळा फोन केला होता की नंबर चालत नाही, चौथ्या वेळेस मी हे गणित करून बघितलं आणि लगेच कळलं की त्यांची नंबर उतरवताना चूक झालीये. तेव्हापासून मी नंबर फोनवर तोंडी सांगत नाही, पावतीचा फोटोच पाठवते. सगळ्या देशांचे नंबर या नमुन्यात नसतात, पण अक्षरं-आकडे-अक्षरं असा तेरा जागांचा नंबर दिसला तर करून बघायला हरकत नाही.

आणि एवढं सगळं करून पण उशीर झाला तर तक्रार करा, जरूर करा, पण "माझं पार्सल उशिरा पोचलं" एवढंच लिहू नका. त्याच्यावर उत्तर पण तसंच मोघम येतं. वहीतली ओळ लिहा. बुकिंग दुपारी १ वाजून १० मिनिटांनी, आजची बॅग बंद व्हायची वेळ साडेचार, बॅग प्रत्यक्षात निघाली दुसऱ्या दिवशी, त्यामुळे चोवीस तासांचा उशीर बुकिंग ऑफिसात झालेला आहे. अशी तक्रार गेली की ती नेमक्या टेबलावर जाते. मी अशा दोन केल्या, दोन्हीला उत्तर आलं, एकीत बुकिंगचे पैसे परत मिळाले. जिथे वेळेची हमी असते तिथे परतावा शक्यतो पोस्टेजचा असतो, आतल्या वस्तूच्या किमतीचा नाही, त्यासाठी विमा वेगळा काढायला लागतो, आणि अर्ज करायची मुदत पण ठरलेली असते, ती पावतीच्या मागे नाहीतर साइटवर बघून ठेवा. मूळ पावती जपून ठेवा, थर्मल कागदावरची असेल तर ती काही महिन्यांत पुसट होते म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. बंद करायच्या आधी आतल्या वस्तूचा एक, आणि लेबल लावलेल्या खोक्याचा वजनकाट्यावर ठेवून एक, असे अजून दोन फोटो मी काढते, वजन आणि लेबलवरचा नंबर एकाच फोटोत आला पाहिजे.